न उलगडता वाचलेली गुंडाळी: एन-गेदीच्या जळक्या चर्मपत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

मृत समुद्राच्या पश्चिम काठावर, उजाड खारट पट्ट्यात, गोड्या झऱ्यांमुळे तगलेलं एन-गेदी नावाचं एक मरूद्यान आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे ज्यूंची वस्ती होती. साधारण इसवी सन ६०० च्या सुमारास गाव आगीत सापडलं आणि वस्ती संपली. १९७० मध्ये दान बराग, एहूद नेत्झेर आणि योसेफ पोरात यांनी तिथलं जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, खणून काढलं. आत सात फाट्यांचा कांस्याचा दीपवृक्ष मिळाला, गावाच्या खजिन्याची सुमारे ३,५०० नाणी मिळाली, काचेचे आणि मातीचे दिवे मिळाले, सुगंधी द्रव्यांची भांडी मिळाली. मोझेकच्या फरशीत एक अरामी लेख आहे. गावाचं गुपित जो परक्यांना सांगेल त्याला त्यात शाप दिलाय. गुपित कसलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बहुतेकांचा अंदाज तिथल्या बाल्सम या सुवासिक झुडपाच्या धंद्याकडे जातो.

धर्मग्रंथ ठेवायचं पवित्र कपाट जिथे होतं, तिथे कोळसा झालेल्या चामड्याचे गुंडाळलेले तुकडे सापडले. पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे तिथल्या सिनेगॉगमध्ये, किंवा अलिबागच्या सिनेगॉगमध्ये जे आत गेले असतील त्यांना हे कपाट चटकन डोळ्यांसमोर येईल. पडदा, पडद्यामागे दार, दाराआड हाताने लिहिलेली तोरा, म्हणजे ज्यूंच्या पाच मूळ धर्मग्रंथांची गुंडाळी. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू मंडळींच्या घरी आजही ज्या ग्रंथाचा मान आहे त्याचीच ही फार जुनी प्रत, हे स्थळावरून उघड होतं. पाच ग्रंथांपैकी कोणता, कुठला भाग, कोणत्या काळातला, यातलं काहीच कळायची सोय नव्हती.

हे तुकडे इस्राएलच्या पुरातत्त्व प्राधिकरणाच्या संग्रहात गेले आणि चाळीसहून जास्त वर्षं तिथेच राहिले.

अडचण

चर्मपत्र म्हणजे ताणून, खरवडून वाळवलेलं कातडं, मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन. त्याला आंच लागली की आधी ते आक्रसतं, ओल असेल तर सरसासारखं चिकट होतं आणि पुढे काळं पडून कोळसा होतं. गुंडाळलेल्या अवस्थेत हे घडलं की शेजारचे फेरे एकमेकांना डकतात. त्याच वेळी एकाच कातड्याचे आतले पापुद्रे सुटून मध्ये पोकळ्या पडतात. म्हणजे जिथे दोन थर वेगळे हवेत तिथे ते एक झालेले, आणि जिथे एकच थर हवा तिथे त्याचे दोन झालेले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढची निम्मी मेहनत हिच्यापायीच झाली.

एन-गेदीचा मुख्य तुकडा तळहातावर मावेल एवढा होता. हात लावला की कडा झडायच्या. त्यात काळ्या कोळशावर काळी शाई, म्हणजे जो पृष्ठभाग उघडा होता तोही डोळ्यांनी वाचता येत नव्हता. आतला मजकूर तर सोडाच.

पर्याय

असा जळका गोळा हातात आला की कोणत्याही संग्रहापुढे चार वाटा असतात.

पहिली वाट, हाताने उलगडणं. ती कुठे नेते हे इटलीतल्या हर्क्युलेनियमच्या, म्हणजे ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन गावाच्या, पपायरसांनी (लव्हाळ्याच्या कागदाच्या गुंडाळ्यांनी) अठराव्या शतकातच दाखवलंय. तिथे आंतोनियो पियाज्जो यांनी गुंडाळ्या सावकाश उलगडण्यासाठी दोऱ्यांचं एक यंत्र केलं होतं. त्यातून मजकूर मिळाला हे खरं, पण उलगडण्याच्या खटाटोपात किती तरी गुंडाळ्यांच्या चिंध्या झाल्या. एन-गेदीचा तुकडा त्या पपायरसांपेक्षाही वाईट अवस्थेत होता. इथे पहिल्या फेऱ्यातच सगळा भुगा झाला असता.

दुसरी वाट, वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रण. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन ज्यू हस्तलिखितांसाठी, म्हणजे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांसाठी, याच प्राधिकरणाने ती यंत्रणा उभारली होती. दृश्य प्रकाशाच्या सात आणि अवरक्ताच्या पाच अशा बारा तरंगलांबींत प्रत्येक तुकडा टिपायचा. काळवंडलेल्या कातड्यावरची काजळीची शाई अवरक्तात उठून दिसते, आणि सुट्या तुकड्यांसाठी यासारखं साधन नाही. पण हा प्रकाश पृष्ठभागावर थांबतो. गुंडाळीच्या तिसऱ्या फेऱ्यात काय लिहिलंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

तिसरी वाट, काहीच न करणं. ही वाट आळशी वाटते, पण या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच ठरला. तुकडा स्थिर हवामानात ठेवला गेला, कुणी उघडायचा मोह केला नाही. १९७० च्या सुमाराच्या साधनांनी कुणी 'थोडं तरी बघू' म्हणून टोक उचकटलं असतं, तर पुढे स्कॅन करायला सलग फेरे उरलेच नसते.

चौथी वाट, क्ष-किरणांची सूक्ष्म सीटी. दवाखान्यातल्या सीटीचंच हे तत्त्व: वस्तूच्या चोहोबाजूंनी क्ष-किरणांच्या शेकडो सावल्या घ्यायच्या आणि गणिताने त्यांतून घनता सांगणारा त्रिमितीय ठोकळा उभा करायचा. फरक बारकाईचा. दवाखान्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भागतं. इथे त्याच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे कण, म्हणजे त्या ठोकळ्याचे सगळ्यात लहान घन, लागतात.

ही चौथी वाट निवडली गेली ती ठरवून, असं म्हणायला मात्र जीभ धजत नाही. स्कॅनसाठी जे साहित्य निवडलं होतं त्यात मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे काही तुकडे होते आणि तेफिल्लिनची एक डबी होती. तेफिल्लिन म्हणजे प्रार्थनेच्या वेळी कपाळावर आणि दंडावर बांधायच्या चामडी डब्या. त्यांच्या आत बारीक घडी घातलेल्या चर्मपत्राच्या पट्ट्या असतात. एन-गेदीचा कोळसा त्यांच्याबरोबर गेला तो मूळ उत्खननातल्या पोरात यांनी आग्रह धरला म्हणून. प्रकल्प पाहणाऱ्या प्निना शोर यांना त्यातून काही निघेल अशी आशा नव्हती. तरीही त्यांनी तो जाऊ दिला. तो मशीनवर ठेवायला जादा खर्च जवळपास नव्हताच, धोका होता तो फक्त नेण्या-आणण्याचा.

काय केलं

स्कॅन. मशीन होतं ब्रूकर कंपनीचं स्कायस्कॅन ११७६, जे मुळात जिवंत उंदीर-घुशींवरच्या प्रयोगांसाठी बनवलंय. ही निवड वरवर विचित्र वाटते, पण तिच्यात एक मोठा फायदा लपलाय. प्रयोगशाळेतल्या बहुतेक सूक्ष्म सीटीमध्ये किरणांचा स्रोत स्थिर असतो आणि वस्तू चकतीवर फिरते. जिवंत प्राण्याला असं गरगर फिरवता येत नाही, म्हणून या मशीनमध्ये वस्तू स्वस्थ पडून राहते आणि स्रोत व कॅमेरा तिच्याभोवती फिरतात. हात लावला की झडणाऱ्या कोळशासाठी हेच हवं होतं. स्कॅन चालू असताना वस्तू केसभर सरकली तरी सगळी प्रतिमा धूसर होते, आणि इथे तर सरकण्याबरोबर तुटण्याचीही भीती.

मशीनची स्कॅनरुंदी ६८ मिलिमीटर. ९ ते ३५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दरम्यान कणाचा आकार निवडता येतो. १८ मायक्रॉन निवडला. हा पहिला खरा निर्णयबिंदू, आणि त्यामागचा हिशेब कुणालाही करून बघता येईल. १८ मायक्रॉनच्या कणांनी एक घन सेंटिमीटर भरायचा तर सुमारे १७ कोटी कण लागतात. प्रत्येकाला दोन बाइट धरले तर ३४ कोटी बाइट. तेच ९ मायक्रॉनवर गेलं की आठपट. शिवाय कण लहान केला की प्रत्येकात पोचणारे किरण कमी होतात, प्रतिमेत दाणे वाढतात, आणि ते घालवायला स्कॅन लांबवावा लागतो. दुसऱ्या बाजूला, कण फार मोठा ठेवला की अक्षरं ओळखू येत नाहीत. हिब्रूतल्या दालेत आणि रेश या अक्षरांत फरक असतो तो मागच्या कोपऱ्याच्या एका टोकाचा. दोन मिलिमीटर उंचीचं अक्षर धरलं तर १८ मायक्रॉनवर त्याच्या उंचीत सुमारे ११० कण बसतात. तेवढ्यात ते टोक टिकतं. ३५ वर ते टिकलं असतं का, याची खात्री देणं अवघड.

स्कॅन इस्राएलमध्ये झाला. पुढचं काम अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात ब्रेंट सील्स यांच्या गटाकडे गेलं, तेही फक्त डेटाच्या रूपात. वस्तू अमेरिकेला गेली नाही. सील्स यांचा गट त्याआधी अनेक वर्षं याच एका प्रश्नामागे होता, आणि काही वर्षांपूर्वी त्यांना मोठं अपयशही आलं होतं. हर्क्युलेनियमच्या न उघडलेल्या दोन गुंडाळ्या त्यांनी २००९ मध्ये स्कॅन केल्या होत्या. फेरे दिसले, शाई दिसली नाही. ते का, हे पुढे येईल.

थर वेगळे काढणं. अळूवडीचा उकडलेला उंडा आडवा कापला की प्रत्येक चकतीवर पानांचा भोवरा दिसतो. सीटीचा प्रत्येक काप असाच दिसतो, फक्त चकत्या हजारो असतात आणि उंडा चेपलेला, फाटलेला, जळालेला असतो. काम काय, तर त्या भोवऱ्यातलं एकच पान धरून सगळ्या चकत्यांमधून त्याचा माग काढायचा.

माग काढायची रीत अशी. माणूस एका कापावर एका थराच्या मध्यरेषेवर बिंदूंची माळ ठेवतो. सॉफ्टवेअर ती माळ पुढच्या कापावर ढकलतं. भोवतालच्या कणांच्या घनतेवरून थर कोणत्या दिशेला पसरलाय याचा अंदाज घेऊन प्रत्येक बिंदू सरकतो, आणि शेजारच्या बिंदूंना जणू स्प्रिंगने बांधल्यामुळे तो एकटा भरकटत नाही. असं काप-काप पुढे जात सगळे बिंदू जोडले की थराच्या आकाराची त्रिकोणांची जाळी तयार होते.

कागदावर हे सोपं. चुकतं ते ठरलेल्या दोन जागी. एक, जिथे दोन फेरे डकलेत. तिथे कापावर दोन पांढऱ्या रेषा जवळ येत येत एक जाड पट्टा होतात, आणि पन्नास-साठ कापांनंतर पुन्हा सुटतात. सुटताना माळ कोणत्या रेषेवर जाईल याचा नेम नसतो. ती चुकीच्या रेषेवर गेली की तिथून पुढचा मजकूर शेजारच्या फेऱ्यावरचा येतो. सगळ्यात वाईट म्हणजे चूक झाल्याचं जाळीकडे बघून कळत नाही. जाळी गुळगुळीतच दिसते. कळतं ते ओळी जुळेनाशा झाल्या की. दोन, जिथे एकाच कातड्याचे पापुद्रे सुटून मध्ये फुगा आलाय. तिथे माळ फुग्याच्या आतल्या बाजूने गेली तर शाईला स्पर्शच करत नाही, आणि तेवढा भाग कोरा निघतो.

यावरचा उपाय हुशारीचा नाही, चिकाटीचा आहे: सगळा फेरा एकदम काढायचा हट्ट सोडायचा. लहान लहान तुकडे काढायचे, माळ भरकटायला लागली की थांबायचं, हाताने दुरुस्त करायचं, पुन्हा सोडायचं. डकलेल्या जागा अलीकडून आणि पलीकडून अशा दोन्ही बाजूंनी गाठायच्या. हा दुसरा निर्णयबिंदू. तुकडे जास्त म्हणजे पुढे जोडकाम जास्त, पण एका चुकीने बिघडणारा भाग लहान राहतो.

शाई उमटवणं. जाळी म्हणजे नुसता आकार. तिच्या प्रत्येक बिंदूला ठोकळ्यातल्या घनतेवरून उजळपणा द्यायचा. इथे सहज होणारी चूक अशी की जाळी ज्या कणावर बरोबर पडते तेवढाच कण वाचायचा. जाळी दोन-तीन कण खाली-वर असतेच, आणि शाई कातड्याच्या पृष्ठभागावर पातळ थरात बसलेली असते. त्यामुळे एकाच अक्षराचा अर्धा भाग दिसतो, अर्धा गायब होतो. म्हणून प्रत्येक बिंदूपाशी जाळीला लंब अशा रेषेवर दोन्ही बाजूंचे काही कण तपासायचे आणि त्यांतला सर्वांत उजळ घ्यायचा. तपासायची लांबी किती ठेवायची, हीच कसोटी. कमी ठेवली तर शाई निसटते, जास्त ठेवली तर शेजारच्या फेऱ्यावरची शाई डोकावते आणि दोन अक्षरं एकमेकांवर चढतात.

सपाट करणं आणि जोडणं. चेपलेल्या, वाकलेल्या जाळीला टेबलावर पसरायचं तर कुठे तरी ताणावं लागतं, कुठे आवळावं लागतं. भौतिक अनुकरणाने किंवा त्रिकोणांचे कोन शक्य तेवढे राखून हे करता येतं. ताण जास्त झाला तर अक्षरं रुंदावतात, आणि लिपीवरून काळ ठरवणाऱ्याची फसगत होऊ शकते.

जोडणीत गटाने दोन टप्पे ठेवले, आणि ही या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट. आधी सपाट केलेली चित्रं नुसतीच एकमेकांना डकवायची. हे झटपट होतं, आणि काम चालू असतानाच हिब्रूच्या अभ्यासकांना दाखवता येतं. ओळी जुळतात का, शब्द पुरा होतो का, हे त्यांनी सांगितलं की कुठल्या तुकड्यात माळ भरकटली ते लगेच कळतं. मग अखेरीस सगळ्या जाळ्या त्रिमितीतच जोडून, पूर्ण पृष्ठभाग एकदम सपाट करून अंतिम चित्र काढायचं. यात सपाट चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा ठोकळ्यातला मूळ पत्ता जपलेला असतो. कुणी 'हे अक्षर तुम्ही कल्पनेने काढलंत' असं म्हणालं, तर बोट ठेवून तो कण दाखवता येतो. धर्मग्रंथाच्या बाबतीत ही सोय चैनीची नाही. एका अक्षराच्या फरकावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद होतात.

शाईचं नशीब

वरचं सगळं नीट करूनही हाती कोरी गुंडाळी येऊ शकली असती. क्ष-किरणांना रंग दिसत नाही, दिसते घनता आणि मूलद्रव्यांचा जडपणा. कोळसा झालेलं कातडं म्हणजे मुख्यतः कार्बन. शाई काजळीची असेल तर तीही कार्बनच. कार्बनवर कार्बन, वेगळं काय दिसणार? २००९ मध्ये हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्यांनी दगा दिला तो इथेच. तिथली अक्षरं पुढे २०२३ मध्ये दिसायला लागली, पण त्यासाठी कण अधिक बारीक करणारे सिंक्रोट्रॉनचे (अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या अवाढव्य यंत्राचे) स्कॅन लागले, आणि शाईने पपायरसच्या पोतात केलेला सूक्ष्म बदल ओळखायला शिकवलेली संगणकी प्रणाली लागली.

एन-गेदीच्या लेखनिकाची शाई आजूबाजूच्या कातड्यापेक्षा स्पष्ट उजळ निघाली. तिच्यात लोह किंवा शिसं असा एखादा धातू असावा. स्कॅन करायच्या आधी हे कुणाला ठाऊक नव्हतं.

निकाल

२० जुलै २०१५ रोजी पहिली आठ वचनं वाचली गेल्याचं जाहीर झालं. ग्रंथ निघाला लेवीय, तोराच्या पाच ग्रंथांपैकी तिसरा. त्याच्या पहिल्या अध्यायात होमबलीचे नियम आहेत: वेदीवर काय, कसं जाळायचं. जळालेल्या गुंडाळीतून जाळण्याचेच नियम बाहेर यावेत, याला योगायोगापलीकडे काही म्हणू नये, पण वाचताना क्षणभर थांबायला होतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात पूर्ण अहवाल आला. पाच संपूर्ण फेरे उलगडले होते. लेवीयच्या पहिल्या दोन अध्यायांतला मजकूर दोन स्तंभांत मिळाला. प्रत्येक स्तंभ ३५ ओळींचा; त्यांपैकी १८ ओळी टिकलेल्या, १७ हिशेबाने भरलेल्या. हा हिशेब हवेतला नाही. ग्रंथाचा मजकूर ठाऊक आहे, एका ओळीत सरासरी किती अक्षरं बसतात ते टिकलेल्या ओळींवरून कळतं, म्हणून मधल्या तुटलेल्या भागात किती ओळी होत्या ते मोजता येतं. पहिल्या स्तंभाआधी मोठी कोरी जागाही दिसली.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या मायकेल सेगल आणि इमॅन्युएल तोव्ह यांनी मजकूर तपासला. मध्ययुगापासून ज्यूंमध्ये प्रमाण मानल्या जाणाऱ्या पाठाशी हा मजकूर व्यंजनांनिशी जसाच्या तसा जुळला. परिच्छेद जिथे तोडलेत त्या जागाही त्याच. स्वरचिन्हं नाहीत, ती लिहायची रीत नंतरची. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांत याच ग्रंथांचे पाठ कमी-अधिक बदलत राहतात. एन-गेदीत मात्र तो पक्का झालेला दिसतो. मृत समुद्राच्या गुंडाळ्या सोडल्या तर तोराची यापेक्षा जुनी हिब्रू गुंडाळी नाही.

काळाबाबत मात्र गाठ सुटली नाही. कार्बन-१४ च्या वयमापनाने इसवी सनाचं तिसरं-चौथं शतक सांगितलं. लिपीच्या वळणावरून आदा यार्देनी यांनी पहिल्या शतकाचा उत्तरार्ध किंवा दुसऱ्याची सुरुवात सांगितली. फरक शतकाहून जास्तीचा. कार्बनचा आकडा कातड्याचं वय सांगतो, लिपी हाताचं वळण सांगते. जुन्या वळणाने लिहिणारा लेखनिक नंतरच्या काळातही असू शकतो, आणि जळालेल्या नमुन्यात बाहेरचा कार्बन शिरलेलाही असू शकतो. ठरावीक काळाच्या तारीखवार हिब्रू लेखनाचे नमुनेच कमी असल्यामुळे लिपीचा दाखलाही लोखंडी नाही. अहवालात दोन्ही मतं शेजारी-शेजारी ठेवली, मधला आकडा काढून समेट केला नाही. ते योग्यच झालं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, यादी. हा तुकडा आयत्या वेळी बरोबर गेला नसता तर आजही कपाटातच असता. ज्या संग्रहात अशा 'हाताबाहेर गेलेल्या' वस्तू आहेत त्यांनी त्यांची वेगळी नोंद ठेवावी आणि नवं साधन दारात आलं की यादी पुन्हा चाळावी. 'यातून काही निघणार नाही' हे मत दर दहा वर्षांनी शिळं होतं.

दुसरं, शाईची चाचणी आधी. कडेला एखादं अक्षर उघडं असेल तर हातात धरता येणाऱ्या क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने, स्पर्श न करता, त्यात लोह, शिसं, तांबं आहे का ते काही मिनिटांत कळतं. धातू निघाला तर साधी सूक्ष्म सीटी पुरेल. नाही निघाला तर पहिल्यापासूनच सिंक्रोट्रॉनचा विचार करावा. नाही तर वर्षभर थर वेगळे काढून शेवटी कोरं चर्मपत्र बघत बसायची वेळ येते.

तिसरं, क्रम. क्ष-किरणांनी कार्बन-१४ च्या आकड्यात फरक पडत नाही, पण प्राचीन डीएनएला इजा होऊ शकते. कातडं बकऱ्याचं की वासराचं हे डीएनएवरून शोधायचं असेल तर सुटा कण स्कॅनपूर्वी बाजूला काढून ठेवावा. कार्बनचा नमुना मात्र स्कॅननंतरच घ्यावा, कारण तेव्हाच कोरी जागा कुठे आहे ते कळतं आणि अक्षर असलेला भाग जाळायची वेळ येत नाही.

आपल्याकडच्या पोथ्यांचं काय, हा प्रश्न येतोच. पाण्यात भिजून, वाळवीच्या मातीने चिकटून वीट झालेल्या पोथ्या जुन्या वाड्यांत आणि मठांत कमी नाहीत. त्यांच्यावर हे जसंच्या तसं चालणार नाही. मराठी-संस्कृत पोथ्यांची काळी शाई बहुतेक काजळीची, म्हणजे हर्क्युलेनियमचीच अडचण. गंमत अशी की दंड, पुष्पिका आणि मथळे पुष्कळदा हिंगुळाने लिहिलेले असतात आणि चुका हरताळाने झाकलेल्या असतात. हिंगुळात पारा, हरताळात आर्सेनिक, दोन्ही कागदापेक्षा कितीतरी जड. तेव्हा सीटीत अशी पोथी घातली तर बहुधा उजळून दिसतील ते लाल दंड आणि लेखनिकाने झाकलेल्या चुका, मूळ श्लोक मात्र अंधारातच राहील. तरी तेवढंही बिनकामाचं नाही. दंडांच्या अंतरावरून श्लोकांची लांबी मोजता येते, पुष्पिकेत ग्रंथाचं नाव आणि शक मिळू शकतो.

कुणाला करून बघायचं असेल तर सुरुवात मूळ पोथीपासून करू नये. टाकाऊ हातकागदाच्या दहा पट्ट्या घ्याव्यात. पाचांवर काजळी आणि डिंकाच्या शाईने, दोनांवर हिंगुळाने, दोनांवर हिराकस (लोहाचा क्षार) घातलेल्या शाईने लिहावं, एक कोरी ठेवावी. एकावर एक ठेवून, ओलावून, वजनाखाली वाळवून त्यांची वीट करावी आणि ती १८-२० मायक्रॉनवर स्कॅन करावी. कोणती पट्टी कितवी आहे याची चिठ्ठी थर वेगळे काढणाऱ्याला न दाखवता पाकिटात बंद ठेवावी.